रिकामी सोडलेली जागा

हार्टमुट व्हिएचोरेक हा खाणीतला निवृत्त इलेक्ट्रिशियन. जर्मनीत गेल्झेनकिर्शेनला आमचा जुन्या घरगुती कॉम्प्युटरवाल्यांचा क्लब आहे. दर शनिवारी एका बागेतल्या शेडमध्ये जो तो आपलं मशीन घेऊन येतो. हार्टमुटच्या मशीनवर त्याच्या मुलीची, सिल्केची, गाणी होती, तिनेच त्यावर रचलेली. सतराव्या वर्षी ती गेली. रविवारी कॉफी झाली की हार्टमुट आणि त्याची बायको रोझविथा ती गाणी ऐकायचे. दोघांना एका खोलीत बसवणारं दुसरं काही उरलंच नव्हतं.

जुनी डिस्क खरखरायला लागली, तेव्हा त्याने गाणी एका नव्या, मोठ्या डिस्कवर घेतली. या मशीनना चार गिगाबाइटच्या पुढे मोजता येत नाही. पुढे लिहायला लावलं तर ती पुन्हा शून्यापासून मोजतात आणि सुरुवातीचंच पुसून त्यावर लिहितात. म्हणून हार्टमुटने पुढची सगळी जागा रिकामी सोडली. नवी डिस्क चालली की जुनीला भोक पाडून भिंतीवर टांगायची, ही क्लबची रीत. ड्रिल त्यानेच चालवलं, आम्ही टाळ्या वाजवल्या.

"दहा खोल्यांचं घर घेतलंय आणि नऊ खोल्यांना कुलूप," असं क्लबचा म्होरक्या फोल्कर त्याला येता-जाता चिडवायचा. हार्टमुट हसण्यावारी न्यायचा.

सत्तराव्या वाढदिवसाला तो शेडच्या बाहेर आम्हा सगळ्यांसाठी सॉसेज भाजत होता. तेवढ्यात फोल्करने ती रिकामी जागा खुली करून तिच्यात गेम भरले. मी हटकलं, तर म्हणाला, माझ्या मशीनवर चालतं की. त्याच्या मशीनमध्ये त्यासाठीची दुरुस्ती केलेली होती. हार्टमुटच्या मशीनमध्ये ती आहे का, हे बघायची तसदीही त्याने घेतली नाही.

हार्टमुट आत आला. एकही गाणं सापडेना. त्याने मशीन पुन्हा पुन्हा बंद-चालू केलं, मग भिंतीवरच्या भोक पाडलेल्या डिस्ककडे बघत राहिला.

"तोंड काय पाडतोस? जागा तर भरपूर झाली ना आता?" फोल्कर म्हणाला. दोघेतिघे हसलेसुद्धा. हलकट माणसं.

मशीन उचलून मी त्याच्याबरोबर घरी गेलो. रोझविथाने केक कापून ठेवला होता. हार्टमुटने उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. ती रडली नाही.

"सिल्के गेली तेव्हाही तू त्या शेडमध्येच होतास," ती म्हणाली.

मग त्याच्यासाठी काढलेली बशी तिने परत कपाटात ठेवली.