पाय धरला की पाया पडला?

“बाई, मॅच खरी झाली तरच मी पाकीट घेणार. न्हायतर तसाच घरी जाणार,” दत्तूअण्णांनी मला बजावलं, तेव्हा टॉस होऊन गेला होता. शिट्टी पदराला पुसत मी ‘बरं’ म्हटलं.

मी निपाणीत पी.टी. टीचर होते. शाळेतून रिटायर झाले, पण कबड्डीची पंच अजून आहे. दत्तूअण्णा आमच्या गावच्या क्लबचे वीस-बावीस वर्षांपासूनचे रेडर, म्हणजे समोरच्यांच्या अंगणात एकट्यानं शिरून गडी बाद करणारे. आता डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन, आणि नंतर खेळ बंद. म्हणून ही बेनिफिट मॅच. तिकिटांचे पैसे पाकिटात घालून अण्णांना ऑपरेशनसाठी द्यायचे होते. समोर मच्छे गावचा संघ, आणि त्याचा कॅप्टन संतोष अण्णांच्याच हाताखाली तयार झालेला.

पहिल्या हाफमध्ये मच्छेच्या पोरांनी निव्वळ नाटक केलं. अण्णा आत शिरले की व्याही आल्यासारखे सगळे बाजूला सरकायचे. लोक टाळ्या वाजवत होते आणि अण्णांचं तोंड आंबट होत चाललं होतं. रागानं माझंही डोकं तापलं, पण मनापासून न खेळणं हा रूलबुकात फाउल नाही.

मध्यंतरात अण्णा संतोषसमोर जाऊन उभे राहिले.

“दया करायला बोलावलं न्हाय रं तुला. मला धर.”

संतोष त्यांच्या गुडघ्याच्या पट्ट्याकडे बघत राहिला.

दुसऱ्या हाफमध्ये मात्र पोरं खेळली. शेवटची रेड आली तेव्हा गुण सारखे होते. अण्णा आत गेले. नियम साधा आहे: ‘कबड्डी, कबड्डी’ एका दमात चालू पाहिजे. आत असताना दुसरा शब्द तोंडातून गेला की दम तुटला, रेडर बाद.

कोपऱ्यातला संतोष एकदम खाली वाकला. घोटा पकडणार म्हणून मी पुढे झाले. त्यानं दोन्ही हात अण्णांच्या पावलांना लावले आणि मग कपाळाला.

“कबड्डी, कबड्डी, सुखी ऱ्हा बाळा...”

मी शिट्टी वाजवली. अण्णा बाद, मच्छे एका गुणानं विजयी.

लोक माझ्यावर उखडले. आयोजक धावत आले. “होगली बिडरी, बाई,” म्हणजे जाऊ द्या की. आशीर्वाद दिला म्हणून कुणी बाद होतं का, असं त्यांचं म्हणणं. मी म्हटलं, होतं. तो मधल्या रेषेच्या अलीकडे येऊन द्यायचा होता.

तोवर अण्णांनी संतोषचा कान धरला होता. “पाय का धरला न्हाईस रं?”

“गुडघा गेला असता, अण्णा. पण पाया पडल्यावर तुमी गप्प ऱ्हात न्हाय, हे मला ठावं हुतं.”

अण्णा हसत हसत मॅटवरच बसले. मला गलबलून आलं, पण पंचानं मैदानावर रडायचं नसतं, म्हणून मी उगीच एक शिट्टी मारली. मग अण्णांनी दोन्ही हातांनी पाकीट घेतलं.

ऑपरेशन नीट झालं. अण्णा आता पोरांना शिकवतात. नवीन पंचांना मी एवढंच सांगते: वाकणाऱ्याचे हात बघत बसू नका, रेडरचं तोंड ऐका. अण्णांनीही आपला धडा घेतलाय. कुणी पाया पडायला वाकलं की ते आधी मधली रेषा कुठं आहे ते बघतात, मगच तोंड उघडतात.