चादरीखालचे हिरवे ठिपके

भोईवाड्याच्या आमच्या खोलीत भर दुपारी काळोख करायचा एकच मार्ग होता. वडील चादर डोक्यावरून ओढून घ्यायचे, मला आत बोलवायचे आणि मनगट पुढे करायचे. घड्याळाच्या तबकडीवरचे हिरवे ठिपके हळूहळू उजळत. वडील माझगावच्या गोदीत पाणबुडे होते, जहाजांखाली उतरून तळाचे पत्रे तपासायचे. खाली स्वतःचा हात दिसत नाही, हे ठिपके तेवढे दिसतात, असं ते सांगायचे. चादरीला साबणाचा आणि उन्हाचा वास असायचा. मी श्वास रोखून समुद्राच्या तळाशी बसलेलो असायचो.

ते घड्याळ गोदीचं होतं. निवृत्तीच्या दिवशी परत करावं लागलं, आणि त्यानंतर वडिलांनी मनगटाला काही बांधलं नाही.

गेल्या वर्षी त्यांना अर्धांगाचा झटका आला. पाय सावरले, बोलणं सावरलं, डावा हात मात्र रुसला. व्यायाम घ्यायला येणाऱ्या बाई म्हणाल्या, वापरला तर परत येईल, नाहीतर राहील तसाच. वडील तो मांडीवर घेऊन बसत, दुसऱ्या कुणाची पिशवी सांभाळावी तसा. मला त्याचा राग यायचा आणि भीतीही वाटायची. तेव्हा मी ठरवलं, त्यांना पाणबुड्याचं घड्याळ घ्यायचं. बॅटरीचं नाही, आत चक्रं फिरणारं.

मी साधी चप्पल घ्यायलाही चार दुकानं पालथी घालणारा माणूस. दादरच्या त्या दुकानात इतक्या संध्याकाळी घालवल्या की मला पाहताच दुकानदार न विचारता दोन घड्याळं काढून ठेवू लागला. किंमत उन्नीसबीस. पहिलं सडपातळ, काचेवर सहसा ओरखडा न उठणारं. दुसरं जाडजूड, हातात घेतलं की वजन कळणारं. दोन्हींच्या काचेभोवती एकाच बाजूला फिरणारं कडं. त्याचं कारण मला चादरीखाली समजलं होतं. बुडी मारताना ते कडं मिनिटकाट्याशी लावायचं. धक्क्याने सरकलंच, तर पाण्यात जास्त वेळ झाला असं दिसतं आणि माणूस लवकर वर येतो.

एकदा दुकानदाराने काउंटरवरचा दिवा मालवला. मी दोन्ही घड्याळांवर ओंजळ धरून आत डोकावलो. पहिल्याचे ठिपके निळसर होते. दुसऱ्याचे हिरवे, अगदी तेच हिरवे. बाहेरचा फुलवाल्यांचा ओरडा, टॅक्सींचे हॉर्न कुठेतरी वर राहिले आणि मी खाली खाली जात राहिलो.

"निवांत बघा साहेब," दुकानदाराचा आवाज आला. "फक्त एक सांगून ठेवतो. हात हलला की दोन्ही चालतात. पहिल्याला चावीपण देता येते. दुसऱ्याला चावी नाय. हात हलला तरच चालणार."

म्हणजे पहिलंच घेण्यात शहाणपण होतं. आई रोज चहाआधी चावी देईल, हात हलो न हलो. दुसरं घेतलं आणि ते थांबलं, तर थांबलेल्या काट्यांकडे वडील कसे बघतील, हे मला बघायचं नव्हतं. घरी येऊन मी त्यांना फोनवर दोन्ही घड्याळांचे फोटो दाखवले.

"काळोखात दिसता?" त्यांनी विचारलं.

"दोन्ही दिसतात. पहिल्याला आई चावी देईल."

त्यांनी उजव्या हाताने फोन डोळ्यांजवळ नेला. मग म्हणाले, "दुसऱ्या कोणी चावी देवची लागता, तसला घड्याळ माका नको."

मी दुसरं घेऊन आलो. आईने खोका दारातच ताब्यात घेतला. आमच्याकडे नवी वस्तू आधी देवापुढे जाते. मिक्सर गेला होता, माझं हेल्मेटही गेलं होतं. पाडवा चार दिवसांवर होता, तोवर घालायचं नाही, असा हुकूम सुटला. घड्याळाला हळदकुंकू लागलं, वर झेंडूचं फूल आलं. आनंदाच्या भरात माझ्याही लक्षात आलं नाही की देव्हाऱ्यात त्याला हलवणारं कुणी नाही.

पाडव्याच्या सकाळी ते बंद होतं. आईचा चेहरा पडला. मी घाईघाईने समजावू लागलो, पण ते मलाच सारवासारव केल्यासारखं वाटत होतं. जरा हलवून सुरू करावं म्हणून मी घड्याळ उचललं.

"थांब," वडील म्हणाले.

त्यांनी डावा हात मांडीवरून उचलला. तो सावकाश माझ्यासमोर आला. मी पट्टा बांधला. हाताने दोन आखूड झोके घेतले, आणि सेकंदकाटा निघाला. आई देवाकडे तोंड करून उभी राहिली.

नंतरही ते अधूनमधून बंद पडलं. वडील दुसऱ्या कुणाला वेळ लावू देत नाहीत. गॅलरीत बसून हात झुलवतात, तेव्हा आई म्हणते, आता पंख्याचं बिल कमी येईल. कड्याच्या खाचांत कुंकू अजून आहे.

परवा दुपारी ते डोक्यावर चादर घेऊन पडले होते. झोपले असतील असं वाटलं, तेवढ्यात आतून हाक आली. पन्नाशीतला मी, गुडघे मोडत जवळ गेलो. मला आत घ्यायला त्यांनी चादर वर उचलून धरली, आणि त्या हातावर हिरवे ठिपके होते.