समोरच्याच्या ओटीवर बसणारे मामंजी

माझ्या सासऱ्यांकडे, म्हणजे आमच्या मामंजींकडे, कोणी भांडण घेऊन आलं की ते सगळं मुकाट्याने ऐकून घेत. मग खुंटीवरची टोपी डोक्यावर ठेवून म्हणत, “चला, त्याच्याच ओटीवर बसून बोलू.” येणाऱ्याची इथेच पंचाईत व्हायची. त्याला मामंजींचा कौल हवा असे, समोरच्याचं तोंड बघायची तयारी नसे. पण मामंजी तोवर वाटेला लागलेले असत.

सोपाऱ्याजवळ आमची पानवेलींची वाडी होती. शेजारी ख्रिस्ती आळीतल्या इनासबाबांची वाडी आणि रस्त्याच्या पलीकडे मुसलमानांची थोडी घरं. वाड्यांना पाणी देणारं बावखल, म्हणजे तळं, आमचं आणि इनासबाबांचं सामाईक. एका उन्हाळ्यात ते आटलं आणि दोन्हीकडचे गडी हातघाईवर आले. मामंजी इनासबाबांकडे जाऊन बसले आणि येताना आमच्या पाण्याच्या पाळ्यांतली एक पाळी देऊन आले. सासूबाई म्हणाल्या, “आपल्या वेली सुकल्या मग?” मामंजी म्हणाले, “थोड्या सुकतील. पण शेजार नाही सुकायचा.”

फाळणीच्या आधीच्या वर्षी आमचे हे पानांच्या कामासाठी मुंबईला गेले आणि तिथल्या हिंदू-मुसलमान दंगलीत सापडले. भोसकणारा कोण, ते कधीच कळलं नाही. लग्नाला तीन वर्षंही झाली नव्हती.

तेरावं उरकलं. त्यानंतर एका सकाळी आमच्या आळीतली तरणी माणसं काठ्या घेऊन आमच्या अंगणात जमली. मामंजींचा पुतण्या सदू पुढे होता. “काका, तुम्ही फक्त हो म्हणा. रस्त्यापलीकडची घरं आज राहणार नाहीत.”

मामंजी उठले. “मुलगा माझा गेलाय, सदू. त्याच्या नावानं कोणी काठी उचलायची नाही.” त्यांनी टोपी घेतली, पण बाहेर न पडता माजघराच्या दाराशी आले. मी आत भिंतीला टेकून बसले होते.

“सूनबाई, मी कासमच्या घरी जातोय. तू नको म्हणालीस तर नाही जाणार.”

रस्त्यापलीकडचे कासमभाई बैलगाडी हाकत. आमच्या पानांच्या करंड्या रोज तेच स्टेशनात पोहोचवत. माझ्या अंगाचा भडका उडाला. “मला माझा माणूस परत हवाय,” मी म्हटलं. “तो आणता येत असेल तर जा.”

“तो कोणालाच आणता येणार नाही, पोरी. म्हणून तर जातोय.”

शेवटी मी मानेनेच ‘जा’ म्हटलं.

तिथे काय झालं ते पुढे कासमभाईंच्या बायकोने मला सांगितलं. सगळी दारं आतून बंद होती. एकटे मामंजी येताना पाहून बायका रडायलाच लागल्या. मामंजी ओटीवर बसले आणि त्यांनी पाणी मागितलं. त्या काळी आमच्यातलं कोणी त्या घरचं पाणी पीत नसे. कासमभाईंनी तांब्या आणून दिला. “दादा, आता मला तुमच्या आळीत कोन येऊ देनार?”

“उद्या करंड्या न्यायला ये. मी गाडीवर बसेन.”

दुसऱ्या दिवशी सगळ्या आळीदेखत मुलगा गमावलेला बाप कासमभाईंच्या शेजारी बसून स्टेशनापर्यंत गेला. सदू दारात उभा होता. त्याने नजर वळवली, पण गाडी अडवली नाही.

त्यानंतर मामंजींनी इनासबाबांना सोबत घेऊन तिन्ही वस्त्यांत घरोघर पाय झिजवले. रोज संध्याकाळी तिन्हीकडची माणसं पिंपळाखाली एकत्र बसू लागली. कानावर आलेली गोष्ट आधी तिथे सांगायची आणि दोघातिघांनी मिळून तिचं खरंखोटं बघायचं, एवढंच ठरलं होतं. एकदा बावखलात विष टाकल्याची आवई उठली. सदू, इनासबाबांचा मुलगा आणि कासमभाईंचा भाऊ असे तिघे जाऊन काठावर उभे राहिले. पाण्यात म्हशी निवांत डुंबत होत्या. त्या दिवशी सदू पहिल्यांदा हसला. बाहेर फाळणीचा वणवा पेटला, पण आमच्याकडे एकही घर जळलं नाही.

मामंजींनी क्षमेची भाषा कधी केली नाही. मुलाचं नावही ते फारसं काढत नसत. लोकांना वाटे, माणूस दगडासारखा खंबीर आहे. मलाही तसंच वाटायचं.

पुढे काही वर्षांनी ते अंथरुणाला खिळले. एका दुपारी मी त्यांना पेज भरवत होते. त्यांनी माझा हात धरला.

“सूनबाई, त्या दिवशी मी गेलो, ते त्याला रुचलं असेल का गं?”

म्हणजे इतकी वर्षं हा माणूस हे उरावर घेऊन वावरत होता. पेजेचा चमचा माझ्या हातातच राहिला.

“मामंजी, ते असते तर तुमच्या पुढे चालले असते.”

ते माझ्याकडे बघत राहिले. “खरंच?”

“खरंच.”

त्यांनी डोळे मिटले. दोन दिवसांनी ते गेले. तेव्हा मी ते त्यांना धीर यावा म्हणून बोलले की मनापासून, ते माझं मलाच उमगलं नव्हतं. आज कोणी विचारलं, तर मनापासून तेच सांगेन.