उसनं माप

पोलकं कोपराच्या वर चढलं आणि तिथेच अडलं.

मी बाही हळूच ओढली. गोदीने श्वास आत घेतला. तिच्या आईने मागून कापड खेचलं तशी शिवण करकरली. मी म्हटलं, "थांबा मावशी, फाटेल." तिघीही थांबलो. दुसऱ्या दिवशी गोदीला हळद लागायची होती, आणि हे पोलकं तिचं लग्नातलं होतं.

आम्ही दुकानाच्या मागच्या बाजूला उभ्या होतो, गोणपाटाच्या पडद्याआड. पलीकडे मास्तरांचं मशीन चालू होतं. ते थांबलं आणि मास्तरांनी विचारलं, "काय गं शेवंते, फिटिंग बरोबर?"

"बघते आहे," मी म्हणाले.

मास्तरांचं दुकान कर्जतच्या बाजारात होतं. काम सगळं पुरुषांचं. सदरे, बंड्या, शाळेच्या मुलांच्या चड्ड्या, आणि लढाईचे दिवस असल्यामुळे खाकी. मी तिथे काज-बटणाला होते. काज म्हणजे बटण ज्यातून जातं ते भोक. ते कापून त्याची कड बारीक टाक्यांनी बांधावी लागते, नाहीतर धागे सुटतात. दिवसभर तेच काम.

मी मूळची खालापूरकडची. नवऱ्याने लग्नानंतर वर्षाच्या आत मला माहेरी आणून सोडलं. भावाच्या घरात राहवेना, म्हणून कर्जतला आत्याकडे आले. आत्याला ऐकू कमी येई. दुकानात पडदा आणि घरी आत्या, त्यामुळे कित्येक दिवस माझं कुणाशी बोलणंच होत नसे. मी मुळातच बोलकी नाही, त्यामुळे त्याचं फार वाटतही नसे. वाटायचं ते दुसऱ्याच गोष्टीचं. रस्त्याने एखादी बाई चालली की तिच्या पाठीकडे बघून मनात येई, गळा दोन बोटं खाली घेतला असता तर मान लांब दिसली असती. बाहीला इथे चूण हवी होती. या पिवळ्याला आतून निळं अस्तर शोभलं असतं. हे सांगणार कुणाला? मग मी दुपारी मार्किंगच्या खडूने फरशीवर बाह्या काढायची, गळे काढायची, पानं-पक्षी काढायची. संध्याकाळी झाडू मारणारी मीच असल्यामुळे ते पुसायचंही मीच.

कापड मला मिळायचं नाही. तेव्हा कापडाला कंट्रोल होता, कार्डावर मोजून मिळायचं. शिवून झालं की उरलेली कातरण पुरचुंडी बांधून गिऱ्हाईकाला परत द्यायची, ही आमच्या दुकानाची रीत. लोक ती उघडून बघायचे. पण कापडाच्या कडेचे सुटे धागे कुणी मागत नसे. ते मी ओढून घ्यायची आणि रंगाप्रमाणे काड्यांना गुंडाळून ठेवायची. माझ्याजवळ एकच चांगलं कापड होतं, माझ्या लग्नातला पिवळा खण. तो शिवायची वेळच आली नव्हती. त्यावर त्या धाग्यांनी मी उल्हास नदी भरली. मधे पाणी, दोन्ही काठांवर झाडं, एका फांदीवर खंड्या पक्षी, पाण्यात बसलेल्या म्हशी. पुरा झाला की मास्तरांना विचारून दुकानाच्या दर्शनी भागात टांगायचा, बायका बघतील, काहीतरी वेगळं शिवून मागतील, असं मनात होतं. विचारायचा धीर मात्र होत नव्हता.

अशात गोदीची आई कार्डावर मिळालेलं हिरवं पॉपलिन घेऊन आली. कशेळ्याच्या बाजूची, भातशेतीवाली बाई. होणारा जावई मुंबईला गिरणीत होता. "फुग्याच्या बाह्यांचं शिवा मास्तर," ती म्हणाली. "मुंबईवाल्यांत पोर गावठी दिसाया नको."

मास्तर म्हणाले, "बाई, मी बायकांचं शिवत नाही."

मी पडद्याआडून म्हणाले, "मी कापते."

मास्तर मागे आले. कटिंग हे मास्तराचं काम असतं. शिवण चुकली तर उसवता येते, कापलेलं कापड जोडता येत नाही. म्हणून कात्रीला दुसऱ्याने हात लावायचा नाही.

"नासलंस तर?"

"नाही नासणार."

त्यांनी मला जरा निरखून बघितलं. "हे नीट गेलं तर बायकांचं कटिंग तुझं. नासलंस तर काज-बटण आहेच."

त्या काळी शिंप्याने बाईच्या अंगाला टेप लावायची पद्धत नव्हती. घरून नीट बसणारं जुनं पोलकं पाठवायचं, त्याला मापाचं पोलकं म्हणत. ते कागदावर पसरायचं, कडेने रेघ ओढायची, कागद कापून खाका करायचा आणि खाका कापडावर ठेवून कापायचं. मी तसंच केलं. शिवणीच्या आत थोडं जास्तीचं कापड राखतात, पुढे सैल करता यावं म्हणून. त्याला माया म्हणतात. पण फुग्याच्या बाह्या फार कापड खातात. त्या काढल्यावर मायेला काहीच उरलं नाही.

आणि आता ते पोलकं गोदीच्या दंडावर अडलं होतं.

मी टेप घेतली आणि तिच्या दंडाला लावली. मग छातीला. मग मापाच्या पोलक्याला.

"मावशी," मी म्हटलं, "हे मापाचं पोलकं हिचं नाही."

तिने पडद्याकडे बघितलं. "हळू बोल गं बाय. भायेर भिवातात्या बसलाय."

भिवातात्या म्हणजे ही सोयरीक जमवणारा गृहस्थ. त्यांच्याच बैलगाडीतून बाजाराला आला होता आणि मास्तरांसमोर बाकावर चहा पीत बसला होता. त्याच्या कानावर गेलेलं सगळं नवऱ्याच्या घरी पोचायचं.

"पाटलाच्या सुनंचं हाय," ती माझ्या कानाशी येऊन म्हणाली. "हिची दोन पोलकी. दोनीला ठिगळं. ठिगळाचं पोलकं बाजारात कसं दावू? म्हनून तिचं मागून आनलं."

गोदी पहिल्यांदाच बोलली. "मी बोलले व्हते आयेला. ती काडी न मी खांब."

"गप गं!"

पाटलाच्या सुनेने कधी लावणी केली नव्हती, की भात कांडलं नव्हतं. गोदीने लहानपणापासून दोन्ही केलं होतं, आणि ते तिच्या दंडांवर दिसत होतं.

"मास्तरला सांगू नगंस," आई म्हणाली. "तात्याला कळलं तर मुंबईपत्तुर जाईल, का पोरीला धड पोलकं नाय."

"शेवंते!" मास्तर बाहेरून म्हणाले.

मी बाहेर गेले. "घट्ट होतंय."

"किती?"

"चार बोटं."

"चार बोटं? डोळे कुठे होते तुझे?"

भिवातात्या बशीतला चहा फुंकत हसला. "मास्तर, बायकांच्या हाती कात्री म्हंजे नाक सांभाळून बसायचं."

"आता कापड कुठून आणू?" मास्तर म्हणाले. "फळीवर खाकी आहे तेवढी."

"लावा की खाकी. नवरी हवालदार दिसंल!"

एका वाक्यात मला सुटता आलं असतं. माप माझं चुकलं नव्हतं. मी मागे बघितलं. पडद्याच्या फटीतून गोदी बघत होती. पदराचं टोक तिने दातांत धरलं होतं. मी चूक माझ्याच नावावर राहू दिली.

"कात्री ठेव तिथे," मास्तर म्हणाले.

"एक जोड घालून बघते," मी म्हटलं. "मग ठेवते."

सदरा हात वर केल्यावर बगलेत ओढू नये म्हणून तिथे चौकोनी तुकडा जोडतात. मास्तर ते रोज करायचे आणि मी रोज बघायची. मला वाटलं, तोच तुकडा लांब केला तर? बाहीच्या टोकापासून बगलेतून थेट कमरेपर्यंत एक पट्टी, दोन्ही बाजूंना एकेक. दंडही सुटेल आणि छातीही. प्रश्न कापडाचा होता. हिरवं चिंधीभरही नव्हतं. आणि बगलेखाली पांढरा मांजरपाट लावला तर ते सरळ ठिगळच दिसलं असतं, ज्याच्यासाठी ही सगळी लपवाछपवी झाली होती.

मी माझ्या पिशवीतून खण काढला.

मावशी जवळ सरकली. "अगं बाय, ही झाडं का?"

"नदीकाठ आहे. आपली उल्हास."

"तू भरलास?"

मी मान हलवली. तो पहिल्यांदाच कुणीतरी बघत होतं. त्यांना नीट बघू द्यावं असं वाटत होतं, पण बाहेर बैल जुंपायची वेळ होत आली होती. दोन काठांच्या दोन पट्ट्या निघणार होत्या. मधलं पाणी उरणार होतं. एक अडचण होती. म्हशी मी काळ्या धाग्याने भरल्या होत्या आणि त्यांतल्या दोन काठाला टेकून बसल्या होत्या. लग्नाच्या पोलक्यावर काळं चालत नाही. मी सुई घेऊन म्हशी उसवायला बसले.

"खण चांगला हाय," मावशी म्हणाली. "कुनाचा?"

"माझा. लग्नातला."

तिने खणावरचा हात उचलला. मी कोण, कर्जतला का राहते, हे बाजारात सगळ्यांना माहीत होतं. नवऱ्याने टाकलेल्या बाईच्या लग्नातला खण लग्नाला उभ्या राहणाऱ्या मुलीच्या अंगावर! कुठल्या आईला चालेल? मला स्वतःलाही ते बरं वाटत नव्हतं. पण विचारल्यावर खोटं सांगवेना. मी उसवायची थांबले.

मग गोदी म्हणाली, "आये, पाटलाच्या सुनंचं पोलकं तू देवाम्होरं ठेवून कुकू लावून आनलंस. त्ये तरी कुटं आपलं व्हतं?"

"तुला कळतंय का काय बोलतीस?"

"मला झाडं आवडली."

मावशीने माझ्याकडे बघितलं, मग पडद्याकडे. "शिव," ती म्हणाली. "तू माजं कुनाला सांगायचं नाय. मी तुजं सांगायची नाय."

मी खणाला कात्री लावली. पट्ट्या आधी कच्च्या टाक्यांनी जोडल्या, गोदीच्या अंगावर धरून बघितल्या, मग मशीनवर घेतल्या. मास्तरांनी उठून मशीन सोडून दिलं.

पोलकं सहज चढलं. गोदीचे हात खाली होते तेव्हा बगलेशी पिवळी रेघ तेवढी दिसत होती.

"हात वर कर," मी म्हटलं.

तिने दोन्ही हात वर केले. दोन्ही बाजूंना झाडं उभी राहिली. उजवीकडे खंड्या होता. मावशीने माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि कडाकडा बोटं मोडली.

मास्तरांनी पोलकं उलटं करून बघितलं. ते नेहमी उलट्या बाजूनेच बघत.

"तुकडा कुठला?"

"माझ्याकडे होता."

"टाके चांगले आहेत. माप चुकलंस." त्यांनी कात्री उचलून ड्रॉवरमध्ये टाकली.

जाताना मावशी म्हणाली, "लग्नाला ये हां." ते म्हणताना ती गाडीत पाय ठेवायला जागा शोधत होती. मी "हो" म्हटलं. मी लग्नांना जात नाही हे तिलाही ठाऊक होतं. लग्नाच्या दिवशी मी दुकानात होते. खाकी शर्टांची काजं होती. दुपारी एकदा वाटलं, आता माळ घालत असेल. मग पुढचं काज घेतलं.

काही दिवसांनी भिवातात्या स्वतः दुकानात आला. माळ घालताना गोदीने हात वर केले आणि मुंबईच्या बायका एकमेकींना ढोसायला लागल्या, असं त्याने सांगितलं. "मला विचारतात, तात्या, ही फॅशन कुठली? मी बोललो, आमच्या कर्जतच्या मास्तरांची!"

मास्तर हसले. पडद्याकडे बघून हसले की तात्याकडे, ते मला आतून दिसलं नाही.

त्यानंतर बायका यायला लागल्या. आधी कशेळ्याकडून, मग नेरळहूनही. "झाडाचं पोलकं" म्हणायच्या. मास्तरांनी ड्रॉवर उघडला आणि कात्री माझ्यापुढे ठेवली. मग दुकानात आलेल्या प्रत्येकाला ते सांगत, "आमच्या शेवंतीने माप चुकवलं आणि फॅशन निघाली." शेवटपर्यंत त्यांची तीच समजूत होती. काम बरोबर केल्याबद्दल बढती मिळते असं ऐकलं होतं. मला ती न केलेल्या चुकीबद्दल मिळाली.

पुढे मी पुष्कळ झाडं भरली. आंबा भरला, पळस भरला, करवंदाची जाळी भरली. गिऱ्हाईक पोलकं घेऊन जाई आणि मला ते परत कधी दिसत नसे. त्या खणाची मधली पट्टी अजून माझ्या ट्रंकेत आहे. दोन्ही काठ गेल्यावर नदी नुसत्या निळ्या रेघांची दिसते. एका कडेला म्हशींच्या जागी सुईची भोकं आहेत.

आता माझ्याकडे मुली शिकायला येतात. त्या कटिंगबद्दल विचारतात, फॅशनबद्दल विचारतात. मी त्यांना आधी एवढंच सांगते. मापाचं पोलकं कुणी आणलं तर घडी न मोडता परत द्यायचं. पडदा ओढायचा, टेप घ्यायची आणि अंगावरून माप घ्यायचं. अंगावरच्या पोलक्याला ठिगळ असलं तर ते आपल्याला दिसलेलं नसतं.