साधूची पूड

हिरव्या पुडीचा चहा घरी कसा करायचा, हे मला कुणी शिकवायला येऊ नये. मी तो शिकले तेव्हा पारनेरात त्याला कुणी चहा म्हणतच नव्हतं, आणि सगळी रडकथा तिथेच आहे.

रंगुमावशी माझ्या आईची थोरली बहीण. आमच्या वाडीत शाळा चौथीपर्यंतच, म्हणून मला पुढच्या शिक्षणासाठी पारनेरला तिच्याकडे ठेवलं होतं. मावशीचा चहावर भारी जीव. आलं ठेचून, गूळ घालून ती तो असा उकळायची की वास पार रस्त्यापर्यंत जायचा. मग चुलीपुढेच फतकल मारून बशीत ओतायची आणि फुर्र करून प्यायची. भिमाजीकाका, म्हणजे तिचे मालक, म्हणायचे, "हिला अन्न न्हाई दिलं तरी चालंल, चहा द्या." ती हसायची आणि त्यांच्याच बशीत आणखी ओतायची. एका बशीतून दोघं प्यायची कधीकधी. हे मी मुद्दाम सांगतेय.

त्यांना एकच मुलगा. मढीच्या नाथाला नवस बोलून झाला म्हणून नाव कानिफनाथ. एकाहत्तर साली काकांनी त्याला न विचारता नदीपलीकडच्या पाहुण्यांना सोयरिकीचा शब्द देऊन टाकला. सुपारी फुटायच्या दिवशी पाहुणे दारात, आणि कानिफदादा घरात नाही. विहिरीवर नाही, मळ्यात नाही, गावात नाही. पाहुणे उठून गेले. काकांनी चार लोकांत सांगून टाकलं, "आजपासनं मला पोरगं न्हाई."

मावशीला मात्र होतं ना! ती मढीला गेली, पायरीवर डोकं टेकवलं आणि म्हणाली, "नाथा, कानिफ घरी येईस्तोवर चहाला तोंड लावनार न्हाई." दुसऱ्या कुणी साखर सोडली असती, भात सोडला असता. हिनं नेमकं जे सोडवत नव्हतं तेच सोडलं. नवस असाच करायचा असतो, असं तिचं म्हणणं.

डोकं तर असं दुखायचं तिचं! कपाळाला फडकं आवळून ती काकांसाठी चहा टाकायची, त्यांच्यापुढे कपबशी ठेवायची आणि वास लागू नये म्हणून मागल्या दारी जाऊन बसायची. काका आत बसून प्यायचे. आवाज बाहेर यायचा.

पुढच्या वर्षी, पाऊस पळाला त्या सालच्या उन्हाळ्यात, काका बाजारातून कागदाची पुडी घेऊन आले. आत हिरवीगार पूड, गंधासारखी मऊ. म्हणाले, "शिर्डीकडचा एक साधू भेटला हुता. डोक्यावर उतारा म्हनून दिलीय. रोज सकाळी घ्यायची." मावशीनं पुडी आधी कपाळाला लावली.

आता साधूची पूड म्हणजे चूर्ण, आणि चूर्ण म्हणजे मधातून चाटायचं, हे आम्हांला कुणी सांगायला लागत नाही. मावशीनं चाटलं. जीभ दिवसभर हिरवी, आणि कडूजहर चव. दुसऱ्या दिवशी तिनं काढा करायचा म्हणून ती खळखळून उकळली. ते पाणी कोंबडीनंही प्यायलं नसतं. मग पुढच्या बाजाराहून येऊन काका म्हणाले, "साधू म्हनला, उकळायचं न्हाई." त्याच्या पुढच्या बाजारी साधू म्हणाला, पूड आधी गाळून घ्या. नंतर म्हणाला, घुसळा. आमचा हा साधू थोडं थोडं आणि फक्त बाजाराच्या दिवशीच बोलायचा. मला त्याचं हसू यायचं. तेव्हा आलेलं ते हसू आजही आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

पण मावशीचा हात बसला. चमच्याच्या टोकावर मावेल एवढीच पूड घ्यायची, जुन्या धोतराच्या फडक्यातून पितळेच्या वाटीत गाळायची, म्हणजे गाठी होत नाहीत. पाण्याला आधण आलं की खाली उतरवायचं आणि बुडबुडे निवेपर्यंत थांबायचं. घाई केली की कडू झालंच समजा. आधी घोटभर पाणी घालून पूड कालवायची, मग उरलेलं ओतून ताकाच्या लहान रवीनं फेस येईस्तोवर घुसळायचं. अगोदर गुळाचा खडा तोंडात टाकायचा आणि मग हळूहळू प्यायचं. दूध नाही, साखर नाही. मलाही घोटभर मिळायचं. पहिल्यांदा नुसतं गवत लागतं. चार दिवसांनी कळतं की त्यात हुरड्याची हिरवट गोडी आहे, आणि ती कडूपणाच्या मागून येते. पुडी उघडी राहिली की पूड पिवळी पडते, म्हणून मावशी ती देव्हाऱ्याखाली घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवायची.

डोकं थांबलं. खरंच थांबलं! मावशी म्हणाली, "साधू सच्चा हाय." मग ती रोज वाटी हातात घेऊन डोळे मिटायची आणि म्हणायची, "साधूबाबा, माझं डोकं बरं केलंस, तसा माझा कानिफबी दारात हुबा कर." काका समोर बसलेले असायचे, त्यांच्या दुधाच्या चहाची बशी तोंडाला लावून. ऐकायचे आणि प्यायचे.

एका बाजारी काका तापानं पडले आणि गेलेच नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी, ते नुकतेच उठून मळ्याकडे चक्कर मारायला गेले होते, सुप्याकडचा गहिनीनाथ दारात आला. कानिफदादाच्या बरोबरीचा, मुंबईला गोदीत कामाला, आठवड्याच्या सुट्टीला गावी येऊन बाजार करणारा. मावशी तेव्हा वाटीत रवी फिरवत होती. ते बघून तो खुशीत येऊन म्हणाला, "आरं वा, जमलं की तुमास्नी! कानिफ म्हनलाच हुता, आईला रवीनं जमंल."

रवी थांबली.

"कंचा कानिफ?"

"तुमचाच की. काका काल बाजारात दिसलं न्हाईत, म्हनून डबा घरीच आनला." त्यानं पिशवीतून पत्र्याचा डबा काढला. वर परक्या मुलखाची अक्षरं होती आणि दोन हिरव्या पानांचं चित्र. "बोटीवर हाय त्यो, सैपाकघरात. जपानात एका म्हातारीनं त्याला हे शिकवलं. माझ्या हाती तुमच्यासाठी धाडतो. काकांनी सांगितलं न्हाई व्हय?"

मावशीचा पहिला प्रश्न काय असावा? "जेवतो का रं नीट?"

"चांगला गुबगुबीत झालाय. दर खेपंला इचारतो, आबांनी बोलावलं का म्हनून. बोलावलं की येतो म्हनतो. काका म्हनत्यात, बघू."

मावशीनं डब्यावरच्या पानांवरून बोट फिरवलं. मग तिनं विचारलं, "हे काय हाय?"

"चहा, मावशी. जपानी चहा. माच्या का कायसं म्हनत्यात."

मावशी उठली. वाटीतला हिरवा फेस तिनं मोरीत ओतला आणि चूळ भरली, पुन्हा भरली, भरतच राहिली. मग पदरानं तोंड पुसून गहिनीनाथासाठी गुळाचा चहा टाकला, कारण दारात आलेला माणूस चहाशिवाय कसा पाठवायचा?

तो पीत असतानाच काका आले. डबा बघितला आणि समजले. मी मनात म्हणत होते, मावशी आता ओरडेल, भांडी आदळेल. ती बसल्या जागेवरून म्हणाली, "तुमाला ठावं हुतं."

"मी बोलावनार न्हवतो. तो आपल्या पायानं आला असता तर घेतला असता घरात."

"त्यो तुमचा मान. आन मी? म्या रोज तुमच्या म्होरं बसून त्याच्यासाठी हात जोडीत हुते."

काका खाली बघत म्हणाले, "तुझं डोकं दुखायचं, बघवत न्हवतं. म्हनून तर पूड आनून दिली की."

मला आजवर कुणाचा एवढा राग आला नाही, जेवढा त्या वाक्याचा आला. बघवत नव्हतं म्हणे! लेक जिवंत आहे एवढं बोलायला काय जात होतं? ते न बोलता त्यांनी तिच्याच हातानं तिचा नवस मोडायला लावला.

मावशी गहिनीनाथाला म्हणाली, "कानिफला सांग, आईनं बोलावलंय." मग मला बरोबर घेऊन मढीला गेली आणि पायरीवर नाक घासलं. "नाथा, म्या न्हाई मोडला रं. मला फसवलं." परतताना एस.टी.त ती एकाच भीतीत होती, मोडलेल्या नवसानं आता पोरगा येतो की नाही.

दिवाळीच्या तोंडावर कानिफदादा आला. खरंच आला. मावशीनं त्याच्या तोंडावरून हात फिरवून बोटं मोडली. त्यानं विचारलं, "आई, पूड आवडली का?" ती म्हणाली, "आवडली. लई आवडली, लेका." बाकीचं त्याला तिनं कधी सांगितलं नाही.

मग तिनं आलं ठेचलं. सगळं घर त्या वासानं भरून गेलं. काकांनी आपला चहा बशीत ओतला आणि ती बशी तिच्याकडे सरकवली. "घे. सुटला नवस."

"त्यो सुटला," मावशी म्हणाली. "ह्या घरातला चहा मी सोडलाय."

"आता कशापायी? कुठवर?"

"त्याला कुठवर न्हाई."

आणि तिनं ते पाळलं. आमच्या घरी आली की दोनदोन कप प्यायची, शेजारी प्यायची, लग्नकार्यात मागून घ्यायची. काकांच्या घरात मात्र थेंब नाही. काकांनी सहा महिने बघितलं, मग तेही हट्टाला पेटले. देव्हाऱ्यापुढे उभं राहून म्हणाले, रंगी घेईल तेव्हाच मी घेईन. त्यांनीही सोडला, आणि त्यांचं डोकं दुखायला लागलं. कपाळाला फडकं आवळून ओसरीत बसायचे.

मला शेवटी त्यांची कीव आली. मी म्हटलं, "मावशे, पुरे कर आता. बघ की, किती डोकं धरून बसलेत."

ती आल्यागेल्यासाठी चहा गाळत होती. मान वर न करता म्हणाली, "लई दुखतंय व्हय? मंग जा म्हनावं शिर्डीकडं. तिथं त्यांचा साधू हाय."