कोऱ्या डब्यातली ईद

सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशीच्या सुमाराला मला शिक्षकाची नोकरी लागली आणि भोकरदनला मी खोली शोधत फिरू लागलो. तीन घरमालकांनी आधी आडनाव विचारलं, मग खोली कालच गेल्याचं सांगितलं. चौथं घर मुसलमान मोहल्ल्यातल्या एका विधवेचं होतं. तिनं आडनाव विचारलंच नाही. "मास्तर हाय ना? बस झालं," म्हणाली. सगळे तिला खाला, म्हणजे मावशी म्हणत. मीही म्हणू लागलो.

खोलीत मी बुद्धाची तसबीर लावली. डोळे मिटून बसलेला देव पाहून खालानं ठरवून टाकलं, की मास्तर कडक शाकाहारी. त्या दिवसापासून माझा धर्म सांभाळायचं काम तिनं अंगावर घेतलं. घरात मटण शिजलं की माझ्या बाजूची खिडकी बंद. बकरी ईदला मोहल्लाभर ताटं फिरली. मला मात्र कोऱ्या डब्यात शिधा आला. कणीक, डाळ, गूळ, वर तूप.

"आमच्या चुलीला लागलं न्हाई हे. बिनघोर खा."

मी डबा दोन्ही हातांनी घेतला. आमच्या गावी, केदारखेड्यात, माझ्या आजीच्या पदरात लोक उरलंसुरलं वरून टाकत. शिधा जायचा तो भटजींच्या घरी. आमच्या घराण्यात हा मान पहिल्यांदाच मिळत होता. खरं सांगायला जीभ रेटेना. दोन ईदा मी बिर्याणीच्या वासावर वरण-पोळी खाल्ली.

तिसऱ्या वर्षी ईदच्या सकाळी न राहवून म्हणालो, "खाला, मी मटण खातो."

"तौबा! कोणी बिघडवलं तुम्हाला? तुमच्या आईला काय तोंड दाखवू?"

"आईच करती की. आम्ही बौद्ध."

"म्हंजे हिंदूच ना?"

"न्हाई."

"मंग आमच्यातले?"

"तेबी न्हाई."

खालाच्या लेखी माणसं दोनच तऱ्हेची, आमचेवाले आणि तुमचेवाले, आणि मी कशातच बसत नव्हतो. मग एकदम उखडली, "दोन वर्षं उपाशी ठिवलं मी तुम्हाला! तोंड दिलं न्हाई का अल्लानं?"

त्याच दुपारी तिनं मला दस्तरखानावर, म्हणजे जेवणाच्या चादरीवर, आपल्या थोरल्या भावाशेजारी बसवलं आणि मटणातली मानाची नळी माझ्या ताटात वाढली. हैदराबादहून आलेल्या भावानं मला न्याहाळलं.

"कौन जात?"

"बौद्ध."

"वो ठीक है. उसके पहले?"

मला एकदम गावी आल्यासारखं वाटलं. "पहले क्या और बाद में क्या, खाने दो मास्तर को," खाला ओरडली. भावानं मान खाली घातली, पण डोळ्यांतला प्रश्न काही गेला नाही. मीही नळी सोडली नाही.