पार्बताबाईचं उत्तर

अंजनगावच्या बाजूला खुशालराव पाटलांचं काळं रान होतं. तिथे कापूस वेचणीला येणाऱ्या बायांची म्होरकी पार्बताबाई. खोटं बोलणं तिला जमतच नसे. कुणाच्या काळ्यासावळ्या लेकराला गोरं म्हणायची वेळ आली, की ती "नाक साजरं हाय" म्हणून मोकळी होई.

पहिल्या वेचणीला सीतादही करायचं, हा वऱ्हाडातला रिवाज. चांगली बोंडं फुटलेली एक पऱ्हाटी, म्हणजे कपाशीचं झाड, निवडायची, हळदकुंकू वाहायचं, दहीभात शिंपडायचा. या रानात त्यात एक भर होती. पाटलीण रुख्मिणीबाई विचारत, "सीतामाय आली का?" म्होरकीनं "आली" म्हटल्याशिवाय कुणी कापसाला हात लावत नसे. म्होरकी सवाष्णच लागे.

आदल्या साली पार्बताबाईचा नवरा कापसाच्या गाड्या घेऊन खानदेशात, आगगाडी आली होती तिथवर गेला. गाड्या परत आल्या, तो आला नाही. कुणी म्हणे पटकीनं गेला, कुणी म्हणे जळगावच्या बाजारात दिसला.

दूर कुठल्याशा मुलखात लढाई जुंपलेली, म्हणून कापसाला कधी नव्हे तो भाव आला होता. रान पांढरं झालं होतं आणि आभाळ भरून येत होतं. नेमकं तेव्हाच, पहिल्या वेचणीच्या सकाळी, वेचणाऱ्यांतल्या गोदाबाईनं सगळ्यांदेखत विचारलं, "काहून व पार्बते, तुहा नवरा हाय का नाही?"

"मले ठाऊक नाही."

"मंग कुंकू कायले लावतं? अन् म्होरकी कशी होतं?"

"मेला हेबी त ठाऊक नाही."

खुशालराव घाईला आले. "गुरवाले बोलवा. तो कौल लावन. देवच सांगन, हाय का नाही."

"सांगतलं त बेसच हाय," पार्बताबाई म्हणाली. "पन बापू, देव हाय का, हे कोनाले इचारू?"

खुशालराव वर पाहू लागले. भक्तीनं नव्हे, ढग कुठवर आले ते बघायला.

"तू देव मानत नाही काय व?" रुख्मिणीबाईंनी विचारलं.

"मानते ना बाई. रोज सांजीले दिवा लावते. घरधन्याची भाकरबी झाकून ठेवते. पन दोघाईपैकी कोनी दारात दिसलं नाही. पहिले मले वाटे, म्हनून 'आली' म्हने. वाटनं येगळं अन् ठाऊक असनं येगळं, हे औंदा समजलं."

"सरक," म्हणत गोदाबाई पऱ्हाटीपुढे बसली. रुख्मिणीबाईंनी विचारलं, "सीतामाय आली का?"

गोदाबाईनं तोंड उघडलं. पऱ्हाटीकडे पाहिलं, मग पऱ्हाटीच्या मागेही वाकून पाहिलं.

"माय व," ती म्हणाली, "आता मलेबी नाही सांगता येत."

बाया पदर तोंडाला लावून हसल्या. खुशालराव हसले नाहीत.

"बोलावलं त हाय ना आपन तिले?" पार्बताबाईनं विचारलं.

"हाय! बोलावलं हाय!" खुशालराव ओरडले.

"मंग येनं न येनं तिच्याकडं. आपला दहीभात आपन ठेवू."

रुख्मिणीबाईंनी पऱ्हाटीला कुंकू लावलं. उरलेलं म्होरकीच्या कपाळी लावायचं असतं. बोट कुंकवात तसंच ठेवून त्या क्षणभर थांबल्या, मग पार्बताबाईकडे वळल्या.

"बाई, मले खरंच ठाऊक नाही," पार्बताबाईनं पुन्हा बजावलं.

"आयकलं व," रुख्मिणीबाई म्हणाल्या. "हालू नको."